पावसाला वाट, मिठाला अटकाव

रायगड जिल्ह्यातल्या पेण, अलिबाग, उरण या तालुक्यांत खाडीच्या बांधाआड पसरलेल्या खार जमिनींचे वर्ष दोन टोकांमध्ये फिरते. एप्रिल-मेमध्ये भेगाळलेल्या मातीवर मिठाचा पांढुरका थर चढतो आणि ऑगस्टमध्ये त्याच खाचरात हिरवेगार भात उभे असते. मधल्या दोन-तीन महिन्यांत पाऊस हे मीठ धुऊन नेतो. कोकण किनाऱ्यावर वर्षाला सुमारे अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढे गोडे पाणी फुकट मिळणे हे भारतातल्या इतर बहुतेक खारवट प्रदेशांच्या नशिबी नाही. तरीही पेरणीनंतर रोपे पिवळी पडून मरणे, शेतात टक्कल पडल्यासारखे मोकळे पट्टे दिसणे आणि कापणीच्या वेळी लोंबीत भरल्या दाण्यांपेक्षा पळींजच जास्त निघणे हे चित्र काही बदलत नाही. यावर उपाय म्हणून शेणखत, हिरवळीचे खत, गिरिपुष्पाचा पाला, भाताचा पेंढा, तुसाची राख यांची शिफारस वर्षानुवर्षे केली जाते. ही शिफारस कधी सेंद्रिय शेतीच्या उत्साहातून होते, तर कधी केवळ रिवाज म्हणून. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटते की शेणखत मातीतले मीठ शोषून घेत असावे. तसे ते घेत नाही. मीठ धुण्याचे काम पाऊसच करतो. सेंद्रिय पदार्थ त्या पावसाला मातीत शिरायला वाट करून देतात आणि उन्हाळ्यात मिठाची परतीची वाट अडवतात. हे काम नीट समजून घेतले, तर कोणते खत, कुठे, किती आणि केव्हा या प्रश्नांची उत्तरे आपोआप बदलतात.

आधी मीठ भाताला नेमके काय करते ते पाहू. मातीचा खारटपणा मोजताना तिच्या अर्कातून वीज किती सहज वाहते हे पाहतात; या विद्युत वाहकतेचे एकक डेसिसायमन प्रति मीटर. ती ४ च्या वर गेली की जमीन क्षारयुक्त समजली जाते. भात मात्र त्याआधीच कुरकुरू लागतो. मास आणि हॉफमन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये पिकांच्या सहनशक्तीची जी मांडणी केली, तिच्यानुसार भाताचे उत्पादन वाहकता ३ होईपर्यंत टिकते आणि त्यापुढे प्रत्येक एककामागे सुमारे १२ टक्क्यांनी घटते. म्हणजे वाहकता ६ असेल तर एक तृतीयांशाहून अधिक पीक गेलेच. पण हे गणित पूर्ण हंगामाच्या सरासरीचे आहे. भाताची सहनशक्ती वयानुसार बदलते. मोड येताना ते बऱ्यापैकी खार सोसते, दोन-तीन पानांचे रोप असताना फार नाजूक असते, फुटवे येताना पुन्हा कणखर होते आणि पोटरीतून लोंबी बाहेर पडताना परत हळवे होते. खार जमिनीतले दोन धोकेही नेमके याच दोन वेळी येतात. जूनच्या अखेरीस मीठ पुरते धुतले गेलेले नसते तेव्हा शेतात रोप असते, आणि सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ओसरून मीठ परत वर येऊ लागते तेव्हा पीक फुलोऱ्यात असते. साऱ्या उपायांनी हे दोन आठवडे-पंधरवडे सांभाळले, तरी हंगाम बराचसा सांभाळला जातो.

मीठ धुतले गेले म्हणजे काम झाले, असेही नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम जवळजवळ ११ ग्रॅम आणि कॅल्शियम अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. बांध फुटून किंवा झिरपून असे पाणी शेतात आले की पाण्यात विरघळलेले मीठ तर येतेच, शिवाय सोडियमचा एक हिस्सा चिकणमातीच्या कणांना जाऊन चिकटतो. पाणी खारट असेपर्यंत हे कण एकमेकांना धरून राहतात. पाऊस पडून पाणी गोडे होऊ लागले की सोडियमने वेढलेले कण सुटे होतात, पाण्यात तरंगतात आणि खाली बसताना मातीची छिद्रे बुजवतात. वरचा थर मेणचट, घट्ट होतो. सुकल्यावर त्याची कडक खपली धरते. म्हणजे पावसाच्या पहिल्या सरी मीठ विरघळवतात, पण त्याच सरींमुळे पुढच्या पाण्याची वाट बंद होऊ शकते. मग वर पाणी साचते आणि खाली चार बोटांवर खार तसाच राहतो. बाहेरून शेत गोडे झालेले दिसते, मुळांना मात्र ते गोडे नसते. खार जमिनीत पाऊस मुबलक असूनही पीक का फसते, याच्या उत्तराचा मोठा भाग इथे आहे. पाणी कमी नसते, ते मातीतून पुरेसे खेळत नाही.

सेंद्रिय पदार्थांचे पहिले काम इथे सुरू होते. शेणखत, पाला किंवा मुळांचे अवशेष कुजताना जिवाणू चिकट पदार्थ तयार करतात, बुरशीचे तंतू कणांभोवती वेटोळे घालतात आणि मातीचे बारीक कण एकत्र येऊन दाणेदार ढेपा बनतात. या ढेपांमधल्या पोकळ्यांतून पाणी खाली उतरते. कुजण्याच्या क्रियेत कर्बवायू निघतो, तो पाण्यात मिसळून सौम्य आम्ल बनतो, आणि मातीत चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा असेल तर त्यातला कॅल्शियम मोकळा होतो. हा कॅल्शियम कणांवरच्या सोडियमला हुसकावून त्याची जागा घेतो आणि सुटा झालेला सोडियम पावसाबरोबर वाहून जातो. दुसरे काम कापणीनंतरचे. नोव्हेंबरपासून उघडी पडलेली जमीन तापते, उथळ भूजल केशाकर्षणाने वर चढते, पाणी उडून जाते आणि मीठ मागे उरते. ही चढण थांबवायची तर बाष्पीभवन कमी करायला हवे, आणि त्यासाठी शेतावर पेंढ्याचे आच्छादन हा सगळ्यात साधा उपाय आहे. पश्चिम बंगालच्या सुंदरबनात याचा प्रत्यय आला आहे. तिथल्या गोसाबा परिसरात संशोधन संस्थांनी शेतकऱ्यांसोबत भातानंतर जमीन न नांगरता बटाटा लावला आणि वर भाताच्या पेंढ्याचा जाड थर दिला. ओल टिकली, वर येणाऱ्या क्षारांना आळा बसला आणि जी जमीन पूर्वी पडीक राहत होती तिथे दुसरे पीक उभे राहिले. कोकणातल्या खारपट्ट्यात हिवाळ्यात गोडे पाणी मिळणे कठीण असल्याने बटाट्याची नक्कल जशीच्या तशी जमणार नाही. पण दुसरे पीक घेता आले नाही, तरी आच्छादनामुळे मे महिन्यातला खारटपणा कमी राहतो. जूनच्या पावसाला मग कमी मीठ धुवावे लागते आणि रोपाला लवकर मोकळा श्वास मिळतो.

तिसरे काम झाडाच्या आतले आहे. सोडियम आणि पोटॅशियम यांचे गुणधर्म जवळजवळचे असल्याने मातीत सोडियम भरमसाट झाला की झाडाला पोटॅशियम मिळेनासा होतो, आणि पानातले बरेचसे व्यवहार पोटॅशियमवर चालतात. भाताच्या झाडाने घेतलेल्या पोटॅशियमपैकी सुमारे ८० टक्के पेंढ्यात राहतो. पेंढा शेतातून पूर्णपणे उचलला की मिठाशी झुंजायला लागणारा हा साठाही बाहेर जातो. सिलिकाचेही तसेच. भात हे सिलिका भरपूर शोषणारे पीक आहे. त्याच्या तुसाच्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात टिमोथी फ्लॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की सिलिका मिळालेल्या भाताच्या रोपात सोडियम कमी चढतो. सोडियमचा बराचसा भाग पेशींमधल्या फटींतून पाण्याबरोबर आडवाटेने वर जातो. सिलिका मिळाली की ही आडवाट अरुंद होते. कोकणातले शेतकरी रोपवाटिकेत राख टाकत आले आहेत. तिच्यामुळे रोपे ताठ होतात, रोग कमी येतात, हा त्यांचा अनुभव होता. खाऱ्या जमिनीत तिच्या उपयोगाला हे आणखी एक शास्त्रीय कारण मिळते.

या तिन्ही कामांचा मेळ घालणारी शेती प्रयोगशाळा येण्याआधीपासून चालत आली आहे. केरळच्या एर्नाकुलम, त्रिशूर आणि आलप्पुळा जिल्ह्यांतल्या खाजणांत पोक्काळी भात पिकतो. तिथे उन्हाळ्यात मातीचे छोटे ढीग रचतात. जूनच्या पावसाने या ढिगांवरचे मीठ सपाट जमिनीपेक्षा लवकर धुतले जाते, मग त्यांच्या माथ्यावर मोड आलेले बी टाकतात, आणि रोपे वाढली की ढीग फोडून रोपांसकट माती सभोवती पसरतात. कापणीला लोंब्याच तेवढ्या घेतात. उरलेला पेंढा पाण्यात कुजतो, त्यावर कोळंबी वाढते आणि तिची विष्ठा व अवशेष पुढच्या भाताचे खत होतात. रासायनिक खताशिवाय चालणारी ही पद्धत खारटपणा कायमचा घालवत नाही. दरवर्षी खारे पाणी आत घेऊन पुन्हा दरवर्षी पावसाने धुणे हे तिचे चक्रच आहे, आणि सेंद्रिय अवशेषांमुळे ते चक्र जमिनीला न थकवता फिरत राहते. उत्तर भारतातला अनुभव वेगळ्या मातीचा, पण त्याच तत्त्वाचा. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने कर्नाल परिसरातल्या चोपण, म्हणजे कणांवर सोडियम साठलेल्या, जमिनी सुधारताना बांधबंदिस्ती, जिप्सम आणि भात असा क्रम ठरवला, आणि भाताआधी धैंच्याच्या हिरवळीच्या खताला त्यात जागा दिली. साचलेल्या पाण्यात तग धरणारे भात हे तिथे जमीन सुधारणारे पहिले पीक ठरले; त्याच्या मुळांतून निघणारा कर्बवायूही चुन्यातला कॅल्शियम सोडवायला मदत करतो.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा : खाडीचे पाणी शेतात येतच असेल तर शंभर गाड्या शेणखत टाकूनही काय उपयोग? हे खरे आहे आणि त्याला पळवाट नाही. बांध आणि उघाडी ही खार शेतीची पहिली अट. भरतीला उघाडी मिटली पाहिजे, ओहोटीला तिने शेतातले मीठभरले पाणी बाहेर सोडले पाहिजे. उधाणात बांधाला खांड पडली तर एका रात्रीत सगळ्या सुधारणेवर पाणी फिरते आणि जमीन पूर्ववत व्हायला काही हंगाम जातात. गोव्यातल्या सुमारे १८ हजार हेक्टर खाजणांत हेच काम बांध आणि मानस, म्हणजे तिथल्या उघाड्या, करतात, आणि ती जबाबदारी पिढ्यानुपिढ्या गावाने मिळून सांभाळली. महाराष्ट्रात १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा आणि पुढे १९७९ चा महाराष्ट्र खार जमीन विकास कायदा झाले ते बांधांचा भार एकट्या शेतकऱ्याला पेलवत नाही म्हणूनच. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष 'सेंद्रिय खत निरुपयोगी' असा नसून 'क्रम पाळा' असा आहे. आणि तो उलटूनही वाचायला हवा : नुसता बांध दुरुस्त करून काम संपत नाही. बांधाआड सुरक्षित झालेल्या जमिनीतही सोडियमने बुजलेली माती पावसाला आत घेत नाही आणि उन्हाळ्यात उघडी राहून पुन्हा खारटते. सरकारी योजनांमध्ये बांधाला निधी मिळतो आणि आतल्या मातीचा विचार तिथेच थांबतो, ही उणीव मोठी आहे.

दुसरा आक्षेप जाणकार शेतकरी घेतात. भातासाठी चिखलणी करायची तर मातीची दाणेदार घडण मोडतेच. मग ती घडवण्याचा खटाटोप कशाला? याचे उत्तर वेळेत आहे. घडणीचा सगळ्यात मोठा फायदा चिखलणीच्या आधी, म्हणजे मान्सूनच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मिळतो, जेव्हा पाणी मातीत शिरून मीठ खाली आणि बाहेर नेते. दुसरा फायदा कापणीनंतर. शिवाय सेंद्रिय पदार्थांनी बांधलेल्या ढेपा पाण्यात इतर ढेपांइतक्या लवकर विरघळत नाहीत. आणि खार जमिनीत खोल, वारंवार चिखलणी करणे मुळातच शहाणपणाचे नाही; खालचा खार त्यामुळे वर घोळला जातो. मोड आलेले बी थेट फेकण्याची कोकणातली रहू पद्धत खारपट्ट्यात टिकून राहिली. तिच्यात मशागत कमी लागते आणि उपटून लावताना रोपाला बसणारा धक्का टळतो. तिला पेंढ्याच्या आणि पाल्याच्या वापराची जोड दिली, तर घडण टिकवणे आणि भात घेणे यांत विरोध राहत नाही.

तिसरा आक्षेप अर्थकारणाचा. हेक्टरी दहा टन शेणखताची शिफारस कागदावर सोपी आहे. गुरे घटलेल्या गावात ते आणायचे कुठून? धैंचा हे उत्तर पुस्तकात चांगले दिसते, कारण तो खार आणि पाणी दोन्ही सोसतो आणि दीड-दोन महिन्यांत भरघोस हिरवा पाला देतो. पण कोकणात पाऊस जूनमध्ये एकदम कोसळतो, त्याआधी खार जमिनीत ओलिताची सोय नसते आणि धैंचा वाढायला लागणारे दिवसच शिल्लक राहत नाहीत. म्हणून पाला खार जमिनीत पिकवण्याऐवजी बाहेरून आणणे जास्त व्यवहार्य ठरते. वरकस जमिनीच्या कुंपणाला लावलेल्या गिरिपुष्पाच्या कोवळ्या फांद्या जून-जुलैत छाटून खाचरात घातल्या तर त्या लवकर कुजतात आणि नत्रही देतात. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भात लागवडीत हाच विचार आहे : भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये खोचणे. तिच्यात तुसाची काळी राख रोपवाटिकेत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो आणि पेंढा हेक्टरी सुमारे दोन टन असा हिशोब दिला आहे. ही पद्धत खास खार जमिनीसाठी तयार झालेली नाही. पण पोटॅशियम, सिलिका, सेंद्रिय कर्ब आणि वाया न जाणारे नत्र या चारही गोष्टी खार जमिनीलाच सर्वाधिक लागतात.

टंचाईचे खरे उत्तर मात्र जागेच्या निवडीत आहे. एक हेक्टर लावणीसाठी साधारण दहा गुंठ्यांची रोपवाटिका लागते. रोपाचे वय हाच भाताचा सर्वांत नाजूक काळ असेल, तर मिळेल तेवढे सेंद्रिय खत आधी या दहा गुंठ्यांना द्यावे. दहा टनांऐवजी टनभर चांगले कुजलेले शेणखत आणि गिरणीतून आणलेली पाचेकशे किलो काळी राख एवढ्यावर रोपे सशक्त होतात. सशक्त आणि थोडी जून रोपे खार शेतात लावली तर मरतूकही कमी होते. कोकणाने रोपवाटिकेला असे प्राधान्य पूर्वीही दिले होते, पण राबाच्या रूपाने. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, गवत, शेण थरांनी पसरून ते जाळायचे आणि त्या भाजलेल्या जमिनीत आवण टाकायचे. राबाने तणांचे बी मरते, राखेतून पोटॅशियम मिळतो, हे गुण नाकारता येत नाहीत. पण त्या आगीत नत्र आणि सेंद्रिय कर्ब जवळजवळ सगळाच उडून जातो, आणि खार जमिनीला नेमका तोच हवा असतो. वर्षभर गोळा केलेले सेंद्रिय धन दरवर्षी जाळायचे आणि मग सेंद्रिय खत मिळत नाही म्हणायचे, हा विरोधाभास आहे. तोच पाला कुजवून आणि त्याला गिरणीच्या राखेची जोड देऊन राबाचे बहुतेक फायदे मिळतात. तणांसाठी तेवढी वेगळी मेहनत घ्यावी लागते.

चौथा आक्षेप धोक्यांचा आहे, आणि सेंद्रिय शेतीचे समर्थक तो नेमका टाळतात. खत सेंद्रिय आहे म्हणून ते गोडे असतेच असे नाही. कोंबडीखत, शहरी कचऱ्याचे कंपोस्ट, मिठवलेल्या मासळीचे अवशेष यांत क्षार भरपूर असू शकतात. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टची वाहकता ४ पेक्षा जास्त नसावी अशी मर्यादा घातली आहे ती उगीच नाही. खारवट शेतात खारट कंपोस्ट घालणे म्हणजे दुखण्यालाच खतपाणी घालणे. दुसरा धोका ताज्या पाल्याचा. खार मातीत समुद्रातून आलेले सल्फेट असते. पाणी साचल्यावर हवा संपते आणि ताज्या सेंद्रिय पदार्थांवर जगणारे जिवाणू त्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. मुळे काळी पडणे आणि चिखलाला सडक्या अंड्यासारखा वास येणे ही त्याची खूण. म्हणून सखल, निचरा नसलेल्या खाचरात लावणीच्या तोंडावर ओला पाला भरमसाट घालू नये. कुजलेले खत घालावे, मात्रा बेताची ठेवावी आणि अधूनमधून पाणी काढून मातीला हवा द्यावी. मिथेन वायूचा मुद्दाही याच्याशी निगडित आहे. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेनुसार पेंढा लागवडीच्या महिनाभर आधी मातीत गाडला तर लागवडीच्या तोंडावर गाडलेल्या पेंढ्याच्या तुलनेत त्याचा मिथेनवाढीतला वाटा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी धरला जातो. कंपोस्टचा तर अगदीच नगण्य. शिवाय सल्फेट भरपूर असलेल्या खार मातीत मिथेन मुळातच कमी तयार होतो. म्हणजे हिवाळ्यात आच्छादन, पावसाआधी कुजवणे आणि लावणीला परिपक्व खत हा क्रम मुळांसाठीही बरा आणि हवेसाठीही.

पाचवा आक्षेप असा की एवढी यातायात कशाला. खार सोसणारे वाण लावा किंवा जिप्सम टाका. वाणांचे महत्त्व निर्विवाद आहे. काळा राता आणि भुरा राता या कोकणच्या जुन्या खारसहिष्णू भातांतून निवडलेले वाण, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे पनवेल १, २ आणि ३, गोव्याचा कोरगुट, केरळचा पोक्काळी हे सगळे इतर भात जिथे मरतील तिथे उभे राहतात. पण वाण खार सोसतो, कमी करत नाही. मे महिन्यात जमीन जितकी खारटते तितकीच ती हा वाण लावूनही खारटत राहते, आणि पोटरीच्या वेळी पाऊस दगा देऊन गेला तर त्याचेही दाणे पोचट राहतात. वाणाच्या सहनशक्तीला मातीच्या सुधारणेची साथ असेल, तेव्हाच ती दरवर्षीच्या उत्पादनात उतरते. जिप्समबद्दल बोलायचे, तर जिथे कणांवर सोडियम ठाण मांडून बसला आहे तिथे तो सेंद्रिय पदार्थांपेक्षा जलद काम करतो, कारण तो थेट कॅल्शियम देतो. पण निव्वळ मिठाने खारट झालेल्या आणि सोडियम कणांवर फारसा नसलेल्या जमिनीत जिप्सम घालणे म्हणजे एक क्षार काढायला दुसरा क्षार विकत आणणे. कोणती जमीन कोणत्या प्रकारची हे माती परीक्षणाशिवाय कळत नाही. आणि जिथे जिप्सम लागतो तिथेही त्याने मोकळा केलेला सोडियम वाहून नेण्यासाठी पाण्याला वाट लागतेच.

एक प्रश्न शास्त्राच्या बाहेरचा उरतो. सेंद्रिय सुधारणेचे फळ एका हंगामात मिळत नाही. घडण सुधारायला, सोडियम कमी व्हायला सलग तीन-चार वर्षे लागतात. पुढच्या वर्षी हीच जमीन आपण कसणार याची खात्री नसेल, तर पाला वाहून आणण्याचे कष्ट कोण घेईल? या पट्ट्याला हा प्रश्न नवा नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ खोतांविरुद्ध संप केला, तेव्हा कसणारा एक आणि उत्पन्नाचा मोठा वाटा नेणारा दुसरा हाच सल होता. आज खोत नाहीत. पण उद्योग, गोदामे आणि वसाहतींसाठी जमिनी विकल्या जात असताना, शेजारच्या विकलेल्या खाचराचा बांध कोणी सांभाळत नसताना, सुधारणेची इच्छा तशीच कोमेजते. म्हणून बांधदुरुस्तीचा निधी, उघाडीची देखभाल आणि आतल्या मातीसाठी पेंढा-पाल्याची व्यवस्था हे तीन वेगळ्या खात्यांचे तीन कार्यक्रम न राहता एकाच खार योजनेचा एकच हिशोब व्हायला हवा, आणि तो एका बांधाआडच्या सगळ्या शेतकऱ्यांसाठी मिळून करायला हवा. एकट्याच्या शेतात सुधारलेली माती शेजाऱ्याच्या खांडीतून आलेल्या पाण्याने बिघडते.

ही सुधारणा खरोखर होते आहे की नाही, हे ठरवण्याची कसोटीही साधी असू शकते. किती गाड्या खत टाकले याचा हिशोब ठेवून काही कळत नाही. त्याऐवजी त्याच खाचरातली वीतभर खोलीपर्यंतची माती वर्षातून दोनदा तपासावी : एकदा मेच्या अखेरीस आणि एकदा लावणीच्या सुमारास. मे महिन्याचा आकडा वर्षागणिक खाली येत असेल, तर आच्छादनाने मिठाची परतीची वाट अडवली असे समजावे. मे आणि जुलैच्या आकड्यांतले अंतर सारख्या पावसात वाढत असेल, तर मातीने पावसाला वाट दिली असे समजावे. दोन्ही आकडे जागचे हलत नसतील, तर पुढची गाडी शेतात ओतण्याआधी बांध आणि उघाडी तपासावी, कारण दुखणे मग शेतात नसून कडेला आहे.